वय ५४ आहे, आयुष्यात कधी पळालो नाही, आता सुरू केलं तर गुडघ्यांची वाट लागेल का?

नाही लागणार, घाई केलीत तर मात्र लागू शकते. मी ५६ व्या वर्षी सुरू केलं, पहिल्याच दिवशी पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढावर जोशात पळालो आणि पोटरी धरून रिक्षाने घरी आलो, बायको अजून हसते.

दम म्हणजे स्टॅमिना पटकन वाढतो पण पोटऱ्या, घोट्यामागची शीर यांना तयार व्हायला महिने लागतात, म्हणून दम आहे म्हणून पळत सुटायचं नाही. आधी बीपी-शुगर आणि हार्टचं डॉक्टरांना दाखवून घ्या. मग काउच टू फाइव्ह केचा, म्हणजे नवशिक्याला हळूहळू ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा प्लॅन धरा, ९ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, सुरुवातीला ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, असं एकूण २० मिनिटं. मी तो ९ चा १८ आठवड्यांत केला, काही बिघडलं नाही. पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागली की स्पीड कमी. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, दवाखाना गाठा. खर्च फक्त चांगल्या शूजवर करा, घड्याळ-बिड्याळ नंतर.

आणि ब्रिटनमधले पंजाबी आजोबा फौजा सिंग ८९ व्या वर्षी २००० सालची लंडन मॅरेथॉन पळाले होते, तुम्ही तर पोरगेच आहात अजून.