फोटोंचा संग्रह नॅसवर ठेवताना डिस्क इमेज कोणती निवडावी?

प्रश्न : माझ्या मॅकबुकमधील फोटोज ॲपची लायब्ररी आता सुमारे ६०० जीबी झाली आहे. लॅपटॉपमध्ये जागा उरलेली नाही. घरी दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेले साठवणीचे यंत्र) मात्र आहे. लायब्ररी थेट नॅसवर ठेवू नये, डिस्क इमेज (उघडल्यावर वेगळ्या डिस्कसारखी वापरता येणारी फाइल) करून त्यात ठेवावी, असा सल्ला मिळाला. डिस्क युटिलिटीमध्ये साधी डीएमजी, स्पार्स इमेज आणि स्पार्स बंडल असे पर्याय दिसतात. यांतला कोणता निवडावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्हाला मिळालेला सल्ला योग्य आहे, पण अर्धा. फोटोज लायब्ररी एकच फाइल असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ते एक फोल्डर असते आणि त्यात मूळ छायाचित्रे, हजारो लघुप्रतिमा आणि या सगळ्याची नोंद ठेवणारा एसक्यूलाइट डेटाबेस असतो. हा डेटाबेस लिहिताना फाइलला कुलूप लावतो आणि आपण लिहिलेले त्याच क्रमाने डिस्कवर उतरेल असे धरून चालतो. नेटवर्कवरील फाइल-व्यवस्थेत या दोन्ही गोष्टींची खात्री देता येत नाही. शिवाय ही लायब्ररी एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड या मॅकच्या स्वरूपाच्या डिस्कवर असावी अशी ॲपलची अट आहे, आणि नॅसमधील डिस्क सहसा ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या स्वरूपाच्या असतात.

डिस्क इमेज उघडली की मॅकला ती आपलीच एपीएफएस डिस्क वाटते. त्यामुळे कुलूप लावण्याचे आणि काढण्याचे काम मॅकमध्येच होते, नॅसकडे फक्त डेटाचे तुकडे जातात. लिहीत असतानाच नेटवर्क तुटण्याचा धोका मात्र तसाच राहतो आणि नेटवर्कवर सामायिक केलेल्या डिस्कवर लायब्ररी ठेवू नये असे ॲपल स्वतः सांगते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : रोज वापरात असलेली लायब्ररी मॅकला थेट जोडलेल्या एसएसडीवर असावी आणि नॅसवरच्या डिस्क इमेजमध्ये तिची प्रत असावी. एसएसडी घेणे शक्यच नसेल, तर पुढील काळजी घेऊन मूळ लायब्ररी नॅसवरील इमेजमध्ये ठेवता येईल.

दोन्ही परिस्थितींत निवड स्पार्स बंडलचीच करावी. वाचता-लिहिता येणाऱ्या साध्या डीएमजीचा आकार आधीच ठरवावा लागतो आणि नॅसवर ती सहसा तेवढी जागा पहिल्या दिवसापासून अडवून बसते. स्पार्स इमेज गरजेनुसार वाढते, पण ती एकच मोठी फाइल असते. एका छायाचित्राचा मथळा बदलला तरी फाइल बदलली असे नोंदले जाते आणि फाइलनिहाय बॅकअप घेणारी साधने ६०० जीबींची संपूर्ण फाइल पुन्हा उचलतात. स्पार्स बंडल २००७ च्या लेपर्ड या मॅक ओएसच्या आवृत्तीबरोबर आले. ते एक फोल्डर असते आणि आतला डेटा बँड नावाच्या लहान फाइलींमध्ये विभागलेला असतो. जे बँड बदलले तेवढेच पुन्हा लिहिले जातात आणि तेवढ्यांचाच बॅकअप होतो. टाइम मशीन हे मॅकचे बॅकअप साधन नेटवर्कवर बॅकअप घेताना हेच स्वरूप वापरते, ते याच कारणाने.

बँडच्या आकाराकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही आणि नॅसवर तो फार महत्त्वाचा ठरतो. मूळ आकार ८ एमबी असतो. १ टीबीची इमेज पूर्ण भरली तर एकाच फोल्डरमध्ये सुमारे १ लाख ३१ हजार फाइली होतात, आणि एसएमबीवरून (नेटवर्कवर फाइली देण्या-घेण्याची पद्धत) एवढ्या फाइलींची यादी वाचताना लहान नॅस मंदावतो. बँड ६४ एमबीचे केले तर त्याच इमेजमध्ये सुमारे १६ हजार फाइली राहतात. फार मोठे बँडही नकोत, कारण मग किरकोळ बदलासाठीही मोठा तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. बँडचा आकार टर्मिनलमधील एचडीआययूटिल (hdiutil) या आज्ञेने इमेज तयार करतानाच ठरवता येतो. तो ५१२ बाइटच्या सेक्टरांमध्ये द्यायचा असल्याने ६४ एमबीसाठी १३१०७२ हा आकडा लिहावा. इमेजची कमाल मर्यादा मोकळ्या हाताने ठेवावी, कारण बँड भरतील तशीच जागा वापरली जाते. फोटो पुसल्यावर ती जागा आपोआप परत मिळेलच असे नाही. त्यासाठी त्याच साधनातील कॉम्पॅक्ट ही आज्ञा द्यावी, तीही चार्जर लावून, कारण लॅपटॉप बॅटरीवर असताना ती एरवी काम नाकारते.

एका वेळी एकाच मॅकवर इमेज उघडावी. लिहिण्याचे काम शक्यतो तारेच्या जोडणीवरून करावे. काम संपल्यावर आधी फोटोज बंद करावे, मग इमेज इजेक्ट करावी आणि त्यानंतरच नॅसची जोडणी तोडावी. नॅसचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची नोंद) किंवा बॅकअपही इमेज इजेक्ट केलेली असतानाच घ्यावा, नाहीतर अर्धे बँड जुने आणि अर्धे नवे अशी निरुपयोगी प्रत हाती येते. वीज वारंवार जात असेल, तर नॅस आणि राउटर या दोघांनाही यूपीएस हवा; नुसता नॅस चालू राहून उपयोग नाही.

२०२५ मध्ये मॅकओएस २६ बरोबर एएसआयएफ हे डिस्क इमेजचे नवे स्वरूपही आले आहे. ते वेगवान आहे, पण एकाच फाइलचे असल्याने फाइलनिहाय बॅकअपची वर सांगितलेली अडचण त्यालाही लागू होते.

प्रश्न : त्याच स्पार्स बंडलमध्ये चित्रपट आणि गाणी ठेवली तर ती टीव्हीवर पाहता येतील का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. नॅसवर चालणाऱ्या प्लेक्स किंवा जेलीफिन या टीव्हीला चित्रपट पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरला बंडलमध्ये फक्त बँड दिसतील, चित्रपट दिसणार नाहीत. चित्रपट आणि गाणी साध्या फोल्डरमध्ये उघडीच ठेवावीत. म्युझिक ॲपची लायब्ररी फाइल मॅकमध्येच असू द्यावी आणि सेटिंग्जमधून केवळ मीडिया फोल्डरची जागा नॅसवर द्यावी. ॲप उघडण्यापूर्वी नॅस जोडलेला आहे याची खात्री करावी, अन्यथा नवी गाणी मॅकमधील मूळ फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि संग्रह दोन ठिकाणी विभागला जातो.