यादीतला प्रत्येक ‘होणार’ जागेवर जाऊन बघ

प्रिय,

तुझी यादी काल रात्री दोनदा वाचून काढली. शहरात येऊ घातलेले ३४ प्रकल्प, प्रत्येकापुढे मजले, उंची, बांधणारी कंपनी आणि पूर्ण होण्याचं वर्ष. त्यामागची पायपीट दिसते. बांधकामाच्या बातम्या करायचं तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. वाढत्या शहरात माणूस कुठे राहील, कामावर कसा पोहोचेल, आजारी पडला तर कुठे जाईल हे याच कामांतून ठरतं. तरीही नवा बातमीदार या विषयाकडे सहसा नाइलाजाने येतो. तू आपणहून आलीस.

एक गोष्ट मात्र सलली. सगळ्या ३४ प्रकल्पांपुढे तू एकच क्रियापद लिहिलं आहेस: ‘होणार’. त्यांतल्या काहींचं नुसतं संकल्पचित्र प्रसिद्ध झालंय, काहींची निविदा निघालीय, काहींचे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घालायचे खांब, निम्मे झालेत, आणि सगळे एकाच रांगेत बसलेत. वाचणाऱ्याला फरक कळायचा कसा?

उंच इमारतींची जगभरची नोंद ठेवणाऱ्या कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने यासाठी काटेकोर व्याख्या करून ठेवल्या आहेत. जागा मोकळी होऊन पायाचं किंवा पाइलिंगचं काम लागलं, तरच ‘बांधकाम सुरू’. बाहेरचं आवरण पूर्ण बसलं आणि निदान काही भाग वापरण्याजोगा झाला, तरच ‘पूर्ण’. ‘काम थांबलेलं’ आणि ‘कधीच पूर्ण न झालेलं’ असेही रकाने त्यांच्याकडे आहेत. तुझ्या तक्त्यात हे दोन आधी घाल.

ते का लागतात, बघ. वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांनी आखलेली अमेरिकेतली ‘शिकागो स्पायर’ ही इमारत ६१० मीटर उंच व्हायची होती. २००७ मध्ये काम सुरू झालं, २००८ मध्ये पैशाचं संकट आलं आणि मागे उरला सुमारे २३ मीटर खोलीचा एक गोल खड्डा. पुढे त्या जागेसाठी वेगळाच प्रकल्प आला. पण थांबलेलं काम संपलंच असंही समजू नकोस. एक किलोमीटर उंचीचा संकल्प घेऊन २०१३ मध्ये सुरू झालेला सौदी अरेबियातला जेद्दा टॉवर २०१८ मध्ये साठाहून थोड्या अधिक मजल्यांवर थांबला. २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा सुरू झाला. मधल्या सात वर्षांत कुणी त्याला ‘होणार’ म्हटलं असतं आणि कुणी ‘बारगळला’ म्हटलं असतं, तर दोघेही अंदाजच बांधत होते. ‘२०१८ पासून काम बंद’ एवढंच वाक्य खरं होतं.

आता तारखांबद्दल. पूर्ण होण्याचं वर्ष तू प्रसिद्धीपत्रकातून उचललंस, हे उघड आहे. मीही उमेदीच्या काळात एका पुलाची तारीख अशीच छापली होती. पूल चार वर्षं उशिरा आला. त्या बातमीच्या भरवशावर नदीपलीकडे घर घेतलेली एक बाई नंतर मला भेटली. रोज दोन तासांचा वळसा घालून ती कामावर जात होती. ती चिडली नाही, नुसतं विचारलं, “तुम्ही कुठे विचारून लिहिलं होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तारीख लिहिली की ती कुणी दिली आणि कोणत्या दिवशी दिली, हे मी त्याच वाक्यात लिहितो. तूही लिही. नवी तारीख आली की जुनी खोडू नकोस, शेजारी राहू दे. तीन-चार तारखा एका रांगेत आल्या की वाचणारा काय समजायचं ते समजतो.

कामं का लांबतात, हेही शिकावं लागेल. सिडनी ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये सुरू झालं. चार वर्षांत होईल असं धरलं होतं, उद्घाटन झालं १९७३ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या १४ पटींहून अधिक झाला. शिंपल्यांसारखं ते छत नेमकं कसं बांधायचं हे सुटण्याआधीच खाली काम लावलं होतं. छताचा भार पेलणार नाही म्हणून आधी उभे केलेले काही कॉलम पाडून पुन्हा बांधावे लागले. तेव्हा अधिकाऱ्याला ‘कधी पूर्ण होणार’ विचारण्याआधी ‘सविस्तर ड्रॉइंग तयार आहेत का’ हे विचार. दुसरा प्रश्न जागेचा: जमीन पूर्ण ताब्यात आहे का? तिसरा पैशाचा. बहुतेक उशीर या तिघांतच सापडतो.

बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उदाहरण मात्र वेगळं आहे. इमारत उभी होती, ३ जून २०१२ हा दिवसही ठरला होता. महिनाभर आधी उद्घाटन रद्द झालं, कारण आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा नीट चालत नव्हती. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. बाहेरून चकचकीत दिसणारी इमारत आठ वर्षं अपुरी असू शकते. म्हणून यादीतल्या शेवटच्या टप्प्यातल्या कामांसाठी अग्निशमन विभागाकडे चौकशी कर, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळालंय का ते पाहा. रंगरंगोटी बघून काही ठरवू नकोस.

सगळ्यात जास्त मात्र साइट शिकवते. पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभं राहूनही पुष्कळ कळतं. नुसतं खोदकाम दिसलं तर त्याला पाया म्हणू नकोस. पाण्याचे पंप चालू आहेत का, पाइलिंगची रिग (पाइलसाठी भोक पाडणारं यंत्र) उभी आहे का, सळईचे ट्रक आत जातात का, ते बघ. जमिनीखालचं काम लोकांना दिसत नाही, त्यामुळे त्याची बातमी होत नाही; पण बुर्ज खलिफाची ८२८ मीटर उंची १९२ पाइल आणि त्यांवरच्या ३.७ मीटर जाडीच्या राफ्टवर, म्हणजे काँक्रीटच्या सलग थरावर, उभी आहे, आणि ते सगळं आधी करावं लागलं. पाया घालताना सहा महिने काम वर आलं नाही, म्हणून ‘काम रखडलं’ असं लिहिणं हा तिथे राबणाऱ्या माणसांवर अन्याय आहे. उलट कॉलममधून वर आलेल्या सळया गंजून लाल झाल्या असतील, सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्या तशाच पडून असतील, क्रेन एकाच दिशेला तोंड करून महिनोन्महिने उभी असेल, तर पत्रक काहीही म्हणो, काम थांबलंय. दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच कोनातून फोटो काढ. मुकादमाशी बोल, सळया वाकवणाऱ्या बारबेंडरशी बोल. किती स्लॅब पडले हे ते अचूक सांगतात. काँक्रीटच्या क्यूबची (नमुन्याच्या ठोकळ्याची) ताकद २८ दिवसांनी तपासतात, हे तुला ठाऊक असेल तर साइट इंजिनियरही तुझ्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

आता जे सांगतो ते नीट वाच. तुझ्या यादीत फक्त नव्या इमारती आहेत. जुन्या इमारतीवर वाढवलेला मजला, बदललेला वापर यांतलं काहीच नाही. ही कामं छोटी वाटतात, त्यांचं संकल्पचित्र कुणी पाठवत नाही. दक्षिण कोरियात सोलच्या सामपूंग डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत बांधकाम चालू असतानाच वापर बदलला आणि वर पाचवा मजला चढवला. २९ जून १९९५ ला ती कोसळली, ५०२ माणसं गेली. ढाक्याजवळ साव्हारला राणा प्लाझा या इमारतीचे वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना आणि कॉलमना तडे दिसले, टीव्हीच्या कॅमेऱ्याने ते टिपलेही. खालची दुकानं आणि बँक बंद झाली. कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी आत बोलावलं गेलं. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत पडली आणि १,१०० हून अधिक जीव गेले. 

त्या तड्यांचं चित्रण मी आजही विसरू शकत नाही. बातमी झाली होती. ती करणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं, तरी ती माणसं वाचली नाहीत, याचं दुःख आहेच. पण किती इमारतींचे तडे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, याचाही विचार कर. मजला कुणी चढवला, स्ट्रक्चरल इंजिनियरने हिशेब पुन्हा केला का, गच्चीवर जनरेटर किंवा मोबाइलचा टॉवर कुणाच्या परवानगीने बसला, हे प्रश्न नव्या ६० मजली टॉवरच्या बातमीइतकेच मोठे आहेत. मी तर ते आधी घेईन.

संकल्पचित्रांबद्दल थोडं. ती छापायला हरकत नाही, पण खाली ‘संकल्पचित्र’ असा शब्द ठळक असू दे. त्यातली झाडं, रिकामे रस्ते, स्वच्छ आकाश हे सगळं काढणाऱ्याने घातलेलं असतं. शेजारी त्याच जागेचा आजचा फोटो लाव.

तुझ्या यादीतलं १९ वं काम रुग्णालयाचं आहे. ‘पुढच्या वर्षी सुरू होणार’ असं तू लिहिलंस. या आठवड्यात आधी तिथे जा. कुंपणाच्या आत काय दिसतं, पंप चालू आहे का, किती माणसं कामावर आहेत, ते मोजून मला कळव. बाकीच्या ३३ ना त्यानंतर हात घालू.

तुझा,
काका