जपानी कॅसेट, परदेशी कॅसेट : वाचकांचे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एकाच विषयाचे प्रश्न बरेच होते : तोच व्हिडिओ गेम जपानात एक आणि बाहेर दुसरा का असतो, आणि त्याचा आपल्याला काय फरक पडतो. त्यातले काही निवडून उत्तरं देत आहोत.

माळ्यावरून जुना टीव्ही गेम काढला. ‘काँट्रा’च्या दोन कॅसेट निघाल्या. एकीत पहिल्या टप्प्यात माडासारखी झाडं हलतात आणि टप्प्याआधी नकाशा दिसतो. दुसरीत यातलं काहीच नाही. खरी कोणती? — एक वाचक, मालवण

खेळ म्हणून दोन्ही खऱ्या. झाडं हलणारी ती जपानी आवृत्ती, न हलणारी ती अमेरिकी. दोन्ही 1988 च्या. जपानी कॅसेटमध्ये खेळ बनवणाऱ्या कोनामी कंपनीने स्वतःची व्हीआरसी-२ ही चिप वापरली होती. पडद्यावरच्या चित्रांचे तुकडे ती चटकन बदलू शकते, म्हणून झावळ्या हलतात. बर्फाच्या टप्प्यात बर्फही पडतं. अमेरिकी कॅसेटचा बोर्ड साधा होता. त्यातून ही हालचाल, नकाशा आणि मधली चित्रकथा गेली. युरोपात तर माणसंच काढून त्यांच्या जागी यंत्रमानव घातले आणि नाव दिलं ‘प्रोबोटेक्टर’.

आपल्याकडे जपानी आवृत्ती आली कशी, याचं उत्तर कॅसेटच्या पट्टीवर आहे. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनच्या कॅसेटला 60 पिना असतात, त्याच मशीनचा अमेरिकेत विकला गेलेला अवतार म्हणजे एनईएस, त्याच्या कॅसेटला 72. भारतात घरोघरी आलेले स्वस्त टीव्ही गेम ही फॅमिकॉमची नक्कल होती, त्यामुळे त्यांच्या खाचेत 60 पिनांची कॅसेट बसते. ‘९९९९९९९ इन वन’ असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये जपानी आणि अमेरिकी आवृत्त्या सरमिसळ भरलेल्या असत. तुमच्या दोन्ही कॅसेट बहुधा नकलाच असतील, पण आतला खेळ अस्सल आहे. जपानी जपून ठेवा, ती अधिक देखणी आहे.

याच खेळाचे इंटरनेटवरचे व्हिडिओ आमच्या घरच्यापेक्षा वेगाने पळतात. मशीन म्हातारं झालं का? — एक वाचक, चिपळूण

नाही. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 50 वेळा चित्र काढणारा. जपान आणि अमेरिकेतला एनटीएससी, सेकंदाला 60 वेळा. त्या काळचे बहुतेक खेळ प्रत्येक चित्रामागे एक पाऊल पुढे सरकतात. चित्रं कमी झाली की खेळही तितकाच मंदावतो. एका मिनिटाची धून तुमच्याकडे 72 सेकंद वाजते.

मात्र स्वर फारसा उतरत नाही. पालसाठी बनवलेल्या नकली मशीनच्या प्रोसेसरचा वेग साधारण 1.77 मेगाहर्ट्झ, मूळ फॅमिकॉमचा 1.79. युरोपातल्या अस्सल एनईएसचा मात्र 1.66, म्हणून तिथे चालही मंद आणि स्वरही खाली. मूळ वेगाने खेळायचं असेल तर 2019 साली निघालेला ‘काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ घ्या. त्यात जपानी आवृत्त्याही आहेत.

मामा बोटीवर होते तेव्हा त्यांनी योकोहामाहून फॅमिकॉम आणला होता, 1993 चा एव्ही वायरवाला. चित्र येतं, आवाज मुळीच नाही. टीव्ही ठीक आहे. — एक वाचक, देवगड

हा दोष फॅमिकॉमच्या रचनेतच दडलेला आहे आणि बहुतेक वेळा घरी दुरुस्त होतो.

फॅमिकॉममध्ये आवाज मशीनमधून थेट टीव्हीकडे जात नाही. तो आधी 45 नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये शिरतो आणि 46 नंबरच्या पिनेतून परत येतो. कॅसेटला स्वतःचा आवाज त्यात मिसळता यावा म्हणून ही सोय. कोनामीच्या 1989 च्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या खेळाच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी-६ चिप आहे, ती तीन जादा सूर मिसळते. एनईएसच्या कॅसेटला या पिनाच नाहीत. म्हणून तोच खेळ ‘कॅसलव्हेनिया थ्री’ या नावाने बाहेर गेला तेव्हा संगीत नव्याने बसवावं लागलं, आणि ते पातळ झालं. जपानी आणि परदेशी आवृत्त्यांमधला कानाला सर्वांत जाणवणारा फरक हाच, असं आमचं ठाम मत आहे.

तर, या दोन पिनांपैकी एकीवर जरी मळ बसला तरी चित्र स्वच्छ आणि आवाज बंद. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यात पिनांवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. कॅसेटची लेबल नसलेली बाजू बघा. तिथल्या तीस पिनांतल्या बरोबर मधल्या दोन त्या 45 आणि 46.

मशीन बंद करून अ‍ॅडॅप्टर काढा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, 90 टक्क्यांच्या वरचं, कापसाच्या काडीला लावून पिना लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी येणं थांबेपर्यंत नवीन काड्या घ्या. डाग राहिलाच तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच घासून पुन्हा अल्कोहोलने पुसा. दहा मिनिटं वाळू द्या. मग कॅसेट चार-पाचदा आत-बाहेर करा, म्हणजे मशीनच्या खाचेतलाही मळ सुटेल. पॉलिश पेपर वापरू नका. वरचा मुलामा निघाला की खालचं तांबं समुद्राच्या हवेत पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. फुंकरही नको, तोंडातली वाफ पिनांवर बसते. एका कॅसेटने आवाज आला आणि दुसरीने नाही, तर दोष कॅसेटचा. कुठलीच बोलत नसेल तर खाच पुसा.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. मूळ अ‍ॅडॅप्टर 100 व्होल्टचा आहे, आपल्या 230 वर थेट लावला तर जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, किंवा 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअर देणारा अ‍ॅडॅप्टर घ्या, मधली पिन ऋण असलेला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेकांची मधली पिन धन असते, तेव्हा मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका.

जपानी आवृत्ती नेहमी अवघड असते आणि तिच्यात काही कापलेलं नसतं, असं भाचा सांगतो. खरं का? — एक वाचिका, अलिबाग

दोन्ही विधानं अर्धीच खरी, आणि या समजापायी लोक महाग जपानी प्रती विनाकारण विकत घेतात.

अवघडपणाचं आधी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ हा 1986 चा जपानी खेळ अमेरिकेसाठी फार कठीण ठरवला गेला. त्याऐवजी तिकडे ‘डोकी डोकी पॅनिक’ या वेगळ्याच खेळात मारिओची पात्रं घालून 1988 साली तोच मारिओचा दुसरा भाग म्हणून विकला. इथवर भाच्याचं बरोबर. पण 1994 च्या ‘काँट्रा : हार्ड कोअर’मध्ये जपानी खेळाडू तीन फटके खाऊन मरतो, अमेरिकी एका फटक्यात. जपानीत पुन्हा पुन्हा सुरू करता येतं, अमेरिकीत ठरावीक वेळाच. 2005 च्या ‘डेव्हिल मे क्राय 3’मध्ये जपानातली ‘हार्ड’ पातळी बाहेर ‘नॉर्मल’ म्हणून दिली. अमेरिकेत खेळ भाड्याने मिळत, जपानात ती सोय नव्हती. दोन दिवसांत संपणारा खेळ भाड्याच्या बाजारात कोण विकत घेणार?

कापाकापीचंही तसंच. नव्वदच्या दशकात निन्टेंडोची अमेरिकी शाखा धर्मचिन्हं, दारू, रक्त काढायला लावायची. ‘मदर 2’ अमेरिकेत 1995 साली ‘अर्थबाउंड’ म्हणून गेला तेव्हा इस्पितळावरचा लाल क्रॉस गेला आणि बार कॅफे झाला. पुढे वारं फिरलं. जपानात 2002 पासून सेरो ही संस्था वयोगट ठरवते आणि हिंसेबाबत ती कडक आहे. ‘बायोहॅझर्ड 7’, म्हणजे बाहेरचा ‘रेझिडेंट ईव्हिल 7’, जपानात 2017 साली दोन प्रकारांत निघाला : एक सौम्य, एक फक्त 18 वर्षांवरच्यांसाठी. तिथे साधी प्रत घेणाऱ्याला कमी दिसतं.

शिवाय उशिरा आलेली परदेशी आवृत्ती पुष्कळदा भरीव असते. ‘फायनल फँटसी 7’ जानेवारी 1997 मध्ये जपानात आला. त्यातले दोन सर्वांत बलाढ्य शत्रू परदेशी आवृत्तीत वाढवले, आणि मग तीच भर घालून जपानात ऑक्टोबरमध्ये ‘इंटरनॅशनल’ आवृत्ती काढली. भाच्याला सांगा, खेळागणिक विचारायचं.

मावसभाऊ टोकियोत असतो. गणपतीला येताना निन्टेंडोचं स्विच 2 हे गेम मशीन आणू का विचारतोय, तिथे स्वस्त आहे म्हणे. — एक वाचक, रत्नागिरी

स्वस्त आहे तो फक्त जपानी भाषेचा नमुना. जून 2025 मध्ये तो 49,980 येनला आला, बहुभाषी 69,980 येनला. स्वस्त नमुन्यात मेनू जपानीच राहतो आणि जपान हा देश निवडलेलं निन्टेंडो खातंच जोडता येतं. निन्टेंडोचं जपानी ऑनलाइन दुकान, ई-शॉप, मार्च 2025 पासून परदेशी कार्डही घेत नाही. जपानी वाचता येत नसेल तर बहुभाषीच सांगा, वाचलेले येन नंतर महाग पडतील. कॅसेटला प्रदेशाचं कुलूप नाही, फक्त घेण्याआधी त्या खेळात इंग्रजी आहे का ते बघा.

सोनीच्या प्लेस्टेशनची, म्हणजे पीएस4 किंवा पीएस5 ची, जपानी डिस्क भारतीय मशीनवर चालते. पण भारतीय स्टोअरमधून घेतलेली जादा सामग्री तिला सहसा जुळत नाही, आणि भारतीय आवृत्तीतलं सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, तोही बहुधा चालत नाही. पीएस4 च्या जपानी खेळांत अनेकदा गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असतं, हे पहिल्याच मेनूत ध्यानात ठेवा.

माझ्याकडे जपानी ‘पोकेमॉन’ रेड आहे, मैत्रिणीकडे इंग्रजी ब्लू. केबल जोडून अदलाबदल करता येईल? — एक वाचिका, दापोली

करू नका, दोघींचं सेव्ह बिघडेल. जपानीत पोकेमॉनचं नाव पाच अक्षरांचं, इंग्रजीत दहा. साठवणीचे डबेही जपानीत 30 जागांचे आठ, इंग्रजीत 20 जागांचे बारा. एकाने पाठवलेली माहिती दुसरा भलत्याच ठिकाणी वाचतो. पोकेमॉनच्या पुढच्या गोल्ड-सिल्व्हर या खेळांनाही हेच लागू. त्यानंतर गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या मशीनवरच्या रुबी-सफायरपासून भाषा वेगळी असली तरी अदलाबदल चालते.

सेव्ह टिकत नसेल तर आतला बटण सेल संपलाय. तो काढताच सेव्ह पुसलं जातं, तेव्हा आधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने त्याची प्रत संगणकावर घ्या. कॅसेटच्या स्क्रूला 3.8 मिलिमीटरचा गेमबिट हा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच घ्या (गोल्ड-सिल्व्हरला सीआर2025), पण पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला. धन-ऋण बाजूंचा फोटो काढूनच जुना सेल सोडवा. चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल दमट हवेत सुटतो, सोल्डरच करा. नंतर एकदा सेव्ह करून मशीन रात्रभर बंद ठेवा, सकाळी सेव्ह जागेवर असेल तरच स्क्रू आवळा.