शोपँचे शेवट ‘अर्धवट’ वाटतात? सुरुवात इथून करा

शोपँ या पियानोच्या संगीतकाराच्या रचनेचा शेवट लटकल्यासारखा वाटला, म्हणजे तुमचा कान बरोबर ऐकतोय. तो भरवसा सोडू नका.

आधी नेहमीचा शेवट अंगवळणी पाडा. सी सेव्हन कॉर्ड (सी-ई-जी-बी फ्लॅट) वाजवून एफ मेजरच्या कॉर्डवर (एफ-ए-सी) या. मग हेच इतर स्केलमध्ये करा. अपेक्षा पक्की झाल्याशिवाय ती मोडलेली ऐकू येत नाही.

मग शोपँच्या ओपस २८ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधलं २३वं प्रेल्यूड, म्हणजे छोटी पियानो-रचना, घ्या. एफ मेजरमध्ये सगळं निवांत संपत असताना शेवटून दुसऱ्या बारमध्ये एक ई फ्लॅट येतो. त्या एका स्वराने घरची, म्हणजे जिथे विसावायचं ती, एफ मेजर कॉर्डच एफ सेव्हन होते, तिला बी फ्लॅटकडे जायचं असतं, आणि शोपँ तिथेच थांबतो. हा स्वर गाळून वाजवा, मग ठेवून वाजवा. किती सुंदर आहे ते!

सुरुवातीच्या चुका:

- ऐकण्याआधीच कॉर्डचं नाव शोधणं.
- पेडल लवकर सोडणं. ई फ्लॅट विरला की सगळंच गेलं.
- विचित्र स्वर मुद्दाम ठोकून दाखवणं.

पुढचा तुकडा शोपँच्याच ओपस १७ मधली चौथी माझुर्का (पोलिश नृत्यावर बेतलेली रचना). ए मायनरची रचना, पण शेवटी ए-सी-ई नाही, ए-सी-एफ. खाली ए असल्याने पोचल्यासारखं वाटतं, वरचा एफ मात्र टेकू देत नाही. सुरुवातीचेच बार शेवटी परत आलेत, तेही ताडून बघा.

फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या उत्तरायुष्यातल्या, अशाच लटकत्या शेवटांच्या रचना तूर्त बाजूला ठेवा. हे दोन शेवट आधी बोटांत येऊ द्या.