फोटोअकूस्टिकवर टिश्यूचा कडकपणा मोजायला बसतोयस तर हे आधी वाच

बाबा, मानकुराद आंबा पिकलाय का ते आपण अंगठ्याने दाबून बघतो ना, इलास्टोग्राफी म्हणजे तेच, फक्त दाबल्यावर आतलं किती सरकलं ते इमेजमधून काढायचं. फोटोअकूस्टिकमध्ये ही इमेज अशी मिळते: लेसरचा नॅनोसेकंदाचा पल्स पडला की रक्तासारखं प्रकाश शोषणारं टिश्यू किंचित तापतं, फुगतं आणि अल्ट्रासाउंड सोडतं.

आता नवीन पोरं इथेच फसतात, मीपण पंधरा दिवस घालवलेत. नेहमीच्या अल्ट्रासाउंडमध्ये आवाज जाऊन परत येतो, आपल्याकडे तो टिश्यूतून सेन्सरकडे एकदाच येतो, म्हणजे टिश्यूत आवाजाचा वेग 1540 मीटर प्रति सेकंद धरला तर 10 मिमी खोलीवरचा सिग्नल 6.5 मायक्रोसेकंदात पोचतो, 13 नाही. नेहमीच्या अल्ट्रासाउंडचा जुना कोड तसाच चालवलास तर खोली निम्मी येणार आणि सरकणंही निम्मंच.

दुसरं, 20 मिमीचा तुकडा 0.2 मिमी दबला तर स्ट्रेन (मूळ जाडीच्या किती टक्के दबलं ते) 1 टक्का, पण स्ट्रेन म्हणजे कडकपणा नव्हे रे! किती जोर लावलास ते माहीत नसेल तर यंग मॉड्युलसचा, म्हणजे खऱ्या कडकपणाचा, आकडा लिहूच नको, फक्त शेजारच्या भागापेक्षा मऊ की कडक एवढंच सांग.

फँटमसाठी, म्हणजे चाचणीच्या नकली टिश्यूसाठी, मे महिन्यात नुसतं जिलेटिन नको, आपल्या गोव्याच्या उकाड्यात एसी गेला की ते पाघळतं. आगर (अगर-अगरची जेली) घे, 1 आणि 2 टक्क्यांचे दोन कर, फरक दिसला तरच पुढे जा. आणि चष्मा त्याच वेव्हलेंथचा हवा, 532 नॅनोमीटरचा 1064 ला चालेलच असं नाही, काचेवर छापलेलं स्वतः वाच.