मराठी माध्यमातून बारावी झालोय. इंग्रजी पॉप गाणी ऐकून शब्दसंग्रह आणि व्याकरण सुधारेल का? कुठल्या गाण्यांपासून सुरुवात करू?

सुधारतं. माझं सुधारलं. गाण्यांनी इंग्रजी बिघडतं असं सांगणाऱ्यांपैकी एकाने माझं बरोबर वाक्य भर वर्गात चूक ठरवलं होतं, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

२००१ साली मी कराडला अकरावीत होते. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. पुण्याची मामेबहीण सुट्टीत आली तेव्हा भरून घेतलेली एक कॅसेट आमच्याकडे विसरून गेली. वर गाण्यांची नावंसुद्धा लिहिलेली नव्हती. त्यातल्या एका गाण्याने मला धरलंच. टेप मागे घेऊन घेऊन मी ते देवनागरीत वहीत उतरवत होते. बाबा ओरडायचे, टेपचं हेड झिजेल म्हणून. मला ऐकू यायचं, 'आय स्टिल हॅव अन् फाउंड'. शब्दकोशात 'स्टिल' म्हणजे निश्चल, शांत. मी निश्चल आहे आणि मला काहीतरी सापडलंय, असा अर्थ लावून दोन महिने काढले. शेवटी बहिणीला फोनवर विचारलं, तर ते यू-टू बँडचं, १९८७ सालचं 'आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आय'म लुकिंग फॉर' निघालं. म्हणजे नेमका उलटा अर्थ! शोधतेय ते अजून सापडलेलंच नाही.

त्या एका ओळीत किती व्याकरण आहे बघा. प्रेझेंट परफेक्ट आहे. 'अजून' कुठे बसतो ते आहे. आणि शेवटचा 'फॉर', जो आपल्याला कधीच सुचत नाही, कारण मराठीत 'साठी', 'कडे', 'वर' हे नामाला चिकटूनच येतात, वाक्याच्या शेवटी एकटे लोंबकळत नाहीत. आपण 'व्हॉट आय'म लुकिंग' म्हणून थांबतो. गाण्यात थांबता येत नाही, चाल पुढे ओढते.

पुढे कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर वाक्य दिलं, 'मी पुस्तक शोधतेय, पण अजून सापडलं नाही.' मी उठून म्हणाले, 'आय अॅम लुकिंग फॉर द बुक, बट आय स्टिल हॅवन्ट फाउंड इट.' सर म्हणाले, नकारार्थी वाक्यात 'स्टिल' चालत नाही, 'येट' हवं. कुठे शिकलीस? गाण्यात, म्हटलं. वर्ग हसला. सर म्हणाले, गाणी ऐकून इंग्रजी येत असतं तर टेप दुरुस्त करणारे कलेक्टर झाले असते.

'स्टिल' चालतं. 'हॅवन्ट'च्या आधी चालतं, आणि 'येट'पेक्षा जास्त सांगतं: एवढा वेळ झाला, इतकं शोधलं, तरीही नाही. आज मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या एक्स्पोर्ट विभागात आहे. परदेशी ग्राहकाला 'वी स्टिल हॅवन्ट रिसीव्हड द पेमेंट' असं लिहिते तेव्हा त्याला नेमकी ती चिडचिड पोचते.

आपली दुसरी खोड म्हणजे 'आय हॅव सीन इट यस्टरडे'. मराठीत 'मी काल बघितलंय' बिनदिक्कत चालतं, म्हणून कानाला खटकत नाही. नियम मला पाठ होता, तरी चुकायचे. बरोबर वाक्यं चालीवर तोंडात बसली तेव्हा चुकीचं वाक्य आपोआप बोचायला लागलं. 'अ' आणि 'द' यांचंही तेच. मराठीत त्यांना जोड नाही, पण गाण्यात 'द' गाळला की तालात खड्डा पडतो. मनाचे श्लोक आपल्या तोंडी बसले ते भुजंगप्रयाताच्या ठेक्यामुळेच ना? आजीने श्लोक चालीवर पाठ करून घेतले तर ते संस्कार, आणि मुलीने इंग्रजी गाणं पाठ केलं तर टाइमपास, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

कुठली गाणी? गायिका सुझॅन व्हेगाचं 'टॉम्स डायनर' घ्या. संथ, बोलल्यासारखं, आणि जवळजवळ सगळं चालू वर्तमानकाळात. 'जर मी असते तर' शिकायला बियॉन्सेचं 'इफ आय वेअर अ बॉय' (२००८). तिथे 'वॉज' का नाही, हे एकदा कळलं की विसरत नाही. कार्पेंटर्स या बँडचे उच्चार स्वच्छ आहेत. आबा (ABBA) हा बँड स्वीडनचा, इंग्रजी त्यातल्या चौघांचीही मातृभाषा नव्हे, याने मला फार धीर आला होता. रॅप सध्या नको.

एका महिन्याला एकच गाणं. आधी ऐकून वहीत लिहा, छापील शब्द नंतर बघा. उलट केलंत तर कान तयार होत नाही.

हो, एक राहिलं. 'गॉना', 'वॉना', 'एन्ट' ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका. रोलिंग स्टोन्स बँडच्या १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन'मधलं 'कान्ट गेट नो' हे दुहेरी नकाराचं बोलीतलं इंग्रजी आहे, परीक्षेत मार्क जातील. चालीसाठी शब्दावरचा जोर कधी कधी हलवलेला असतो, तेव्हा उच्चार शब्दकोशात तपासा. आणि गाण्यांतून प्रेम, विरह, रात्र, पाऊस यांचे शब्द भरपूर मिळतील, पण बिल, मुदत, तक्रार यांचे मिळणार नाहीत. त्यासाठी मला रोजचं वर्तमानपत्र वाचावंच लागलं.

पण 'स्टिल'बद्दल सर चुकले होते.