प्रोग्रेसिव्ह चष्म्याची सवय व्हायला नेमके किती दिवस लागतात?

विचारणाऱ्याने दिलेला तपशील: वय ४६, लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +०.७५, जवळचा ॲड (वाचण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर) +१.७५. पहिलाच प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर). बारा दिवस झाले तरी पायऱ्या उतरताना पाऊल चुकतं, कॉम्प्युटरपुढे हनुवटी वर करून बसावं लागतं. दुकानदार म्हणतो, महिनाभर घाला, सवय होईल. व्यायामाने किंवा थेंबांनी चाळिशी जाते का, हेही विचारलं आहे.

उत्तर:

‘सवय होईल’ हे दोन शब्द चष्म्याच्या दुकानांतून हद्दपार करायला हवेत. नंबर काढण्याच्या आणि चष्मे बसवून देण्याच्या कामात असलेल्या माणसाचं हे मत आहे, तेव्हा राग धंद्यातलाच समजा.

आकडाच हवा असेल तर घ्या: एक ते दोन आठवडे. तेही चष्मा सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत घातला आणि मधेमधे जुना चष्मा काढून लावला नाही तर. दोन आठवड्यांत रोज थोडं थोडं बरं वाटत गेलं तर ती सवय. बाराव्या दिवशी पहिल्या दिवसाइतकाच त्रास असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही, बहुधा मापाचा आहे. महिनाभर थांबून एवढंच होईल की दुकानदार म्हणेल, आता बरेच दिवस झाले, काच परत घेता येणार नाही.

माप चुकतं म्हणजे काय, ते टेबलावर आलेल्या एका चष्म्यावरून सांगतो. वापरणारा ५१ वर्षांचा, दिवसभर आकडेमोडीचं काम. ॲड +२.००. तक्रार अशी की वाचताना तोंड उजवीकडे वळवावं लागतं आणि हनुवटी वर करावी लागते, संध्याकाळी मान धरते. दुकानातून उत्तर मिळालं होतं: तुम्ही साधी काच घेतलीत, महागडं डिझाइन घ्या. त्याने घेतलं. जवळपास दुप्पट पैसे गेले आणि मान तशीच.

दुकानाच्या मापाच्या कार्डावर पीडी ६२ लिहिलेला होता. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. साध्या चष्म्याला ते एकत्र चालून जातं. प्रोग्रेसिव्हला नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं वेगळं लागतं, कारण नाक बरोबर मधोमध असलेली माणसं कमीच. दुकानाने ६२ चे दोन भाग करून ३१-३१ लिहून पाठवले. डोळे मोजले तर उजवा ३३, डावा २९.५. म्हणजे उजव्या काचेचा मध्य नाकाकडे २ मिमी सरकलेला, डाव्याचा कानाकडे दीड मिमी. दोन्ही काचा मिळून डावीकडे सरकल्यासारख्या. मग त्यातून नीट दिसायला डोळे डावीकडे न्यावे लागतात, म्हणून माणूस तोंड उजवीकडे वळवतो. मानेचा हिशेब लागला.

२ मिमीने एवढं काय बिघडतं, असं विचारतात. प्रोग्रेसिव्हमध्ये वरच्या लांबच्या नंबरापासून खालच्या जवळच्या नंबरापर्यंत एक अरुंद पट्टी उतरत जाते, तिला आम्ही कॉरिडॉर म्हणतो. तिच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर नंबर (एका दिशेला धूसर करणारा) साठतो, आणि तो कुठल्याच कंपनीला पूर्ण काढता येत नाही. मिंकविट्झ नावाच्या गणितज्ञाने १९६३ मध्ये मांडलेलं प्रमेय आहे: पट्टीवरून खाली उतरताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने आडव्या दिशेला सिलिंडर वाढतो. +२.०० चा ॲड १४ मिमीत उतरवला तर दर मिलिमीटरला साधारण ०.१४, म्हणजे आडवं दर मिलिमीटरला ०.२८. दोन मिमी सरकलात की अर्ध्या नंबराहून जास्त सिलिंडर डोळ्यापुढे, ज्याची तुम्हाला गरजच नाही. मेंदूने याची सवय का करून घ्यायची?

आता उंची, म्हणजे फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीच्या मध्यापर्यंतचं अंतर. कार्डावर दोन्ही डोळ्यांना १८. हा १८ कुठून आला, तेही सांगतो, कारण हे सर्रास चालतं. फ्रेमची उभी खोली २८ मिमी, तिचं अर्धं १४, त्यात ४ मिळवले, झाले १८. गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडे बघावंही लागत नाही. खरी उंची उजवीकडे २१, डावीकडे २० होती. त्यामुळे लांबचं छान दिसायचं, पण जवळचा भाग दोन-तीन मिमी जास्त खाली गेला होता. तिथे नजर पोचवायला हनुवटी वर. काच साधी घ्या नाहीतर महागडी, खूण चुकीच्या जागी असेल तर चुकीच्या जागी महागडी काच बसते, एवढाच फरक.

(प्रोग्रेसिव्ह ही काही कालपरवाची गोष्ट नाही. फ्रान्समध्ये बर्नार मेत्नाझ यांनी घडवलेली व्हॅरिलक्स १९५९ साली बाजारात आली. एवढी वर्षं झाली, तरी मापाला पाच मिनिटं द्यायची तयारी नसते.)

माप घ्यायची रीत अशी. आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवायची: नाकावरच्या टिकल्या, कानामागचा काड्यांचा वाक, खालची कड गालाकडे साधारण ८ ते १२ अंश झुकलेली, काच डोळ्यापासून १२ ते १४ मिमीवर. हे सगळं माप घेण्याआधी. काचा बसवून आल्यावर फ्रेम वाकवायला घेतली की उंची हलते. मग समोरासमोर, डोळ्यांची पातळी सारखी ठेवून बसायचं. मापणाऱ्याने आपला उजवा डोळा मिटायचा, गिऱ्हाइकाने उजव्या डोळ्याने त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात बघायचं, आणि फ्रेममधल्या डमी काचेवर बाहुलीच्या मध्यावर पेनने खूण करायची. मग दुसरा डोळा तसाच. शेवटी गिऱ्हाइकाला उभं करून, नेहमीसारखं समोर बघायला सांगून खुणा पुन्हा तपासायच्या. कारण खुर्चीत ताठ बसणारे पुष्कळजण उभे राहिले की पोक काढतात. तुमच्या वेळी यातलं काय काय झालं, आठवून पाहा. फ्रेमवर पेनची खूणच केली नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

स्वतः तपासायचं असेल तर घरी होतं. काचेवर तोंडाने वाफ सोडा आणि उजेडाकडे तिरकी धरा. दोन बारीक कोरलेली वर्तुळं किंवा चिन्हं दिसतील, एकमेकांपासून ३४ मिमीवर. कानाकडच्या खुणेखाली ॲड कोरलेला असतो, तुमच्याकडे १७ किंवा १७५ असं काहीतरी हवं. नसेल तर तिथेच थांबा, काचच वेगळी आली आहे. दोन्ही खुणांवर व्हाइटबोर्डच्या पेनने ठिपके द्या, पट्टीने जोडा, मध्य काढा आणि मध्याच्या ४ मिमी वर फुली मारा. बहुतेक डिझाइनमध्ये ४, काहींत २ असतं; दुकानदाराकडे कंपनीचा मापाचा तक्ता असतो, तो मागा. मग चष्मा घालून घरातल्या कुणालातरी वर सांगितलं तसं समोर बसवा. फुली बाहुलीच्या मध्यावर हवी. एक मिमी इकडेतिकडे चालेल. दोन असेल तर चष्मा परत.

फुली बाहुलीच्या खाली असेल तर तुमच्यासारखी हनुवटी वर जाते. नाकावरच्या टिकल्या जवळ घेतल्या की फ्रेम वर चढते, मिमी-दीड मिमी सहज मिळतात. फुली वर असेल तर उलट त्रास: रस्त्यावरचं लांबचं धूसर, आणि माणूस हनुवटी खाली घालून चालतो. तिथे टिकल्या फाकवायच्या. नीट दिसणारा पट्टा अरुंद वाटत असेल तर काच डोळ्याच्या आणखी जवळ घेऊन खालची कड थोडी आत झुकवली की बराच फरक पडतो, आणि ते फुकटात होतं. आडवं माप चुकलं असेल तर मात्र वाकवून काही होत नाही, काच नवीनच करावी लागते. फ्रेमही बघा: फुलीपासून खालच्या कडेपर्यंत नेहमीच्या डिझाइनला १८ मिमी तरी लागतात, आखूड कॉरिडॉरच्या डिझाइनला १४-१५. चिंचोळ्या फ्रेममध्ये नेहमीची काच बसवली तर वाचायचा भाग घासताना कापून कचऱ्यात गेलेला असतो.

कॉम्प्युटरचं मात्र वेगळं आहे. तिथे माप अचूक असूनही त्रास होतो. पडदा ६०-७० सेंटीमीटरवर, त्याला लागतो मधला नंबर, आणि तो पट्टीच्या सगळ्यात अरुंद भागात असतो. पडद्याची वरची कड डोळ्याच्या पातळीच्या बरीच खाली येईल इतका पडदा उतरवा. पुस्तकांवर ठेवला असेल तर पुस्तकं काढा. आठ तास तेच काम असेल तर वेगळा चष्मा करा: लांबचा नंबर अधिक ॲडचा साधारण निम्मा, तुमच्या बाबतीत +१.५० ते +१.७५ च्या आसपास, साध्या काचेत. प्रोग्रेसिव्हच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च. एकाच चष्म्यात सगळं भागवायचा हट्ट दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाचाच जास्त असतो, हेही खरं.

झोपून मोबाइल बघायला, डोक्यावरच्या बोर्डात वायरी जोडायला, दुचाकीच्या आरशात नुसती नजर टाकून बघायला प्रोग्रेसिव्ह निरुपयोगी. आरशात बघायला मान वळवा. हेल्मेटने काड्या दाबल्या जाऊन चष्मा हलत असेल तर तेवढ्याने उंची बदलते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

व्यायामाबद्दल: नाही. चाळिशीत डोळ्यातलं भिंग टणक होतं आणि फुगेनासं होतं. त्याचा आकार बदलवणारे स्नायू बहुतांशी काम करत असतात. धडधाकट स्नायूला व्यायाम देऊन टणक भिंग मऊ होत नाही. जवळ बघायला भिंगात किती ताकद उरली, याच्या अंदाजाचं जुनं सूत्र आहे, उत्तर नंबरात (डायॉप्टरमध्ये): १८.५ मधून वयाच्या ०.३ पट वजा करा. ४६ ला उरतात ४.७, त्यातले निम्मेच आरामात वापरता येतात. ४० सेंटीमीटरवर वाचायला लागतात २.५, आणि मोबाइल त्याहून जवळ धरला की अडीचही पुरत नाहीत. शिवाय हे सरासरीचं सूत्र, प्रत्यक्षात पुष्कळांकडे याहून कमी उरतं. पण हे सगळं धरूनही पहिल्या चष्म्याला +१.७५ हा ॲड मला थोडा सढळ वाटतो. +१.५० ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासताना काचा बदलून बघतात ती फ्रेम) घालून, तुमचं नेहमीचं वाचन हातात धरून, तुमच्या नेहमीच्या अंतरावर पुन्हा बघून घ्या. ॲड जितका जास्त तितका बाजूचा धूसरपणा जास्त, मिंकविट्झ इथेही आहेच.

थेंब: पायलोकार्पिन. बाहुली बारीक करतात, पिनहोलमधून पाहिल्यासारखं जवळचं स्पष्ट होतं, काही तासांनी उतरतं. अमेरिकेत १.२५ टक्क्यांच्या थेंबांना २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या एका कंपनीला आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी मिळाली, आणि जाहिरातीत परवानगीपलीकडचे दावे केले म्हणून सप्टेंबरमध्ये ती स्थगित झाली. डोकं दुखणं, रात्री अंधारलेलं दिसणं हे त्रास होतात. मोठा मायनस नंबर असणाऱ्याचा डोळ्यातला पडदा (रेटिना) सुटण्याचा धोकाही असतो, म्हणून बाहुली मोठी करून पडदा तपासल्याशिवाय घालू नयेत.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सगळा दोष दुकानाचा नसतो. साखर वर-खाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही; साखर आटोक्यात येऊन महिना-दीड महिना स्थिर राहिल्यावर पुन्हा काढावा. चष्मा काढल्यावरही चक्कर येत असेल तर चष्म्याला बोल लावू नका, कान आणि रक्तदाब बघा. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असलेल्यांना, आणि सत्तरीत पहिल्यांदा +२.५० चा ॲड लागणाऱ्यांना मी प्रोग्रेसिव्ह सुचवत नाही. वीस वर्षं बायफोकलवर खूश असलेल्या माणसाला तर मुळीच नाही. साठीनंतर जवळचं अचानक चष्म्याशिवाय दिसायला लागलं तर पेढे वाटू नका, मोतीबिंदूने भिंगाचा नंबर मायनसकडे सरकलेला असतो. नजरेपुढे विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, पडदा ओढल्यासारखं वाटणं, एका डोळ्याची नजर एकाएकी जाणं, दुखरा लाल डोळा, यांतलं काही असेल तर चष्म्याचं दुकान नव्हे, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. चाळिशीचा चष्मा करताना एकदा डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्या, काचबिंदू सहसा दुखत नाही.

पायऱ्यांचं: खाली नजर टाकली की तुम्ही वाचायच्या भागातून बघता, तो ४० सेंटीमीटरसाठी आहे आणि पायरी दीड मीटरवर. डोळे खाली न नेता हनुवटीच छातीकडे न्या, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसेल. कठडा धरा. आणि घरी मारलेल्या त्या फुल्या पुसू नका, तशाच घालून दुकानात जा. कार्डावरची मापं आणि फुल्या शेजारी शेजारी ठेवल्या की ‘सवय होईल’ म्हणणं जरा अवघड जातं.